चलान पोर्टलवर ‘कोर्टात पाठवले’ दिसतंय, पण कोर्टात केस सापडत नाही (इंदूर)

रामबागची_रेवती | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमची एमपी ०९ ची एक ॲक्टिवा आहे, अजून बाबांच्याच नावावर. बाबा फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. आई गाडी चालवत नाही, भाचा नोकरीला लागलाय, तेव्हा त्याच्या नावावर करून टाकू असं घरात ठरलं. कागद जमवले, आणि आरटीओची कामं करून देणारा एक माणूस म्हणाला की गाडीवर दोन चलानं आहेत, ती निघाल्याशिवाय ट्रान्सफर पुढे सरकणार नाही.

ई-चलानच्या सरकारी साइटवर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकून पाहिलं.

पहिलं ऑक्टोबर २०२३ चं. पलासिया चौराहा, लाल सिग्नल, कॅमेऱ्यातला फोटो. स्टेटस: कोर्टात पाठवले. पैसे भरायचं बटणच नाही.

दुसरं ऑगस्ट २०२४ चं. भंवरकुआं, हेल्मेट नाही. हे भाच्याचं कर्तृत्व. स्टेटस: पेंडिंग.

‘कोर्टात पाठवले’ म्हणजे कुठल्या कोर्टात? केस नंबर नाही, तारीख नाही, न्यायाधीशाचं नाव नाही. तो माणूस म्हणतो चार हजार द्या, दोन्ही क्लिअर करून देतो. पैशांपेक्षा मला हे कळायला हवंय की बाबांच्या नावावर कोर्टात नक्की काय नोंदलं गेलंय. आईला अजून सांगितलेलं नाही, ती ‘कोर्ट’ शब्दानेच घाबरेल.

सराफ्यातली_खिचडी | मंगळवार, रात्री ९:२५

भिया, चार हजार?? सिग्नलच्या चलानात एवढे पैसे असते तर चौराहे सोन्याचे झाले असते. अजिबात देऊ नका. आमच्या कॉलनीत एकाने असेच दिले, माणूस फोन उचलत नाही आणि चलान पोर्टलवर जिथल्या तिथे.

चष्मेबहाद्दर | मंगळवार, रात्री ९:४८

ताई, व्हर्च्युअल कोर्टाच्या साइटवर पाहिलंत का? ई-कोर्ट प्रकल्पाचीच आहे. यादीतून मध्य प्रदेश निवडायचं, मग मोबाइल नंबर, सीएनआर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक), नाव किंवा चलान/गाडी नंबर यांपैकी काहीही टाकून शोधता येतं. केस तिथे असेल तर दंडाची रक्कम दिसते आणि दोन पर्याय असतात: दंड भरा, नाहीतर केस लढवायची आहे असं सांगा. लढवायचं म्हटलं की ती तिथून त्या भागातल्या नेहमीच्या कोर्टाकडे जाते.

पत्ता मात्र नीट बघा, शेवटी डॉट गव्ह डॉट इन हवंच. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल आली तर उघडूसुद्धा नका. ती फाइल फोनमध्ये बसली की बँकेचे ओटीपी वाचते.

रामबागची_रेवती | मंगळवार, रात्री १०:३०

पाहिलं. गाडी नंबरनेही नाही, चलान नंबरनेही नाही. रेकॉर्ड मिळाले नाही, एवढंच येतंय. म्हणजे केस नाहीच असं समजायचं का?

जुना_रीडर | बुधवार, सकाळी ७:०५

नाही, तसं समजू नका. मी जिल्हा न्यायालयात रीडर, म्हणजे न्यायाधीशांपुढच्या फाइली सांभाळणारा कर्मचारी, म्हणून निवृत्त झालो, तेव्हा सवयीने थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

पोलिसांचं चलान पोर्टल आणि न्यायालयाची नोंद, या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीत लिहिलेलं दुसरीत आपोआप उतरतंच असं नाही. तुमच्या सगळ्या गोंधळाचं मूळ एवढंच आहे.

कॅमेऱ्याने फोटो घेतला की नोटीस आरसीवरच्या मालकाला जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७ए नियम आला, त्यात ही नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची असं आहे. मालकाने पैसे भरले तर गोष्ट पोलिसांकडेच संपते. नाही भरले तर प्रकरण कोर्टाकडे जातं. जायला दोन वाटा: एक व्हर्च्युअल कोर्टाची, सगळी संगणकावरून. दुसरी जुनी, म्हणजे वाहतूक ठाणं इस्तगासा, म्हणजे लेखी तक्रार, तयार करतं आणि तो मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात सादर होतो. तिथे आमचा कारकून तो रजिस्टरला चढवतो, केस नंबर पडतो आणि सीएनआर तयार होतो. पोलिसांच्या पोर्टलवर मात्र ‘कोर्टात पाठवले’ हेच वाक्य राहतं. पुढे त्या केसचं काय झालं ते तिथे कुणीतरी बसून भरलं तरच दिसणार.

तुमचं प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात दिसत नाही, म्हणजे ते दुसऱ्या वाटेने गेलं असण्याची शक्यता जास्त. आता ‘ई-कोर्ट सर्व्हिसेस’ उघडा, केस स्टेटसमध्ये जा, मध्य प्रदेश, जिल्हा इंदूर, आणि मग कोर्ट कॉम्प्लेक्स. इथे लोक फसतात. जिल्हा इंदूर म्हणजे फक्त एमजी रोडची इमारत नव्हे. महू, देपालपूर, सांवेर, हातोद यांची कोर्टं वेगळी निवडावी लागतात. गुन्हा जिथे घडला तिथलं कोर्ट, गाडी कुठली ते बघायचं नाही. पलासिया म्हणजे इंदूर शहरच, तुमचं सोपं आहे.

गाडी नंबरने इथे शोधता येत नाही. पक्षकाराच्या नावाने शोधा. वर्ष घालावं लागतं, २०२३ घाला, नाही सापडलं तर २०२४. आणि खाली पेंडिंग, डिस्पोज्ड, बोथ असे तीन गोल असतात, तिथे ‘बोथ’ वर टिक करा. निम्मे लोक पेंडिंगवर ठेवून शोधतात आणि ‘केसच नाही’ म्हणून घरी जातात.

नावाबद्दल एक. आपल्याकडे पोलीस ‘अमुक पिता तमुक’ असं लिहितात, आडनाव बरेचदा गळतं. मराठी आडनावांची स्पेलिंगं तर विचारू नका, देशपांडेंचे मी इतके प्रकार पाहिलेत की एका घरातले चार भाऊ चार वेगळ्या कुळांतले वाटावेत. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. पहिल्या नावाची सुरुवातीची काही अक्षरं टाका, तीन तरी लागतात, मग यादीतून निवडा.

चष्मेबहाद्दर | बुधवार, सकाळी ८:१५

काका, दंडवत. हे कुठे एकत्र लिहिलेलं सापडत नाही.

कलम_पान_दोन | बुधवार, सकाळी ११:४०

वकिली करते, पण धाग्यावरचं बोलणं सल्ला समजू नका. रीडरकाकांनी शोधायचं सांगितलं, मी काय शोधायचं ते सांगते.

सिग्नलचं चलान साधारणपणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९/१७७ खाली असतं. ११९ म्हणजे वाहतुकीची चिन्हं पाळण्याचं कर्तव्य, १७७ म्हणजे सर्वसाधारण शिक्षा: पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर १५०० पर्यंत. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं हे १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्येही नाव घेऊन लिहिलेलं आहे. तिथे कैदेची तरतूद आहे आणि दंड १००० ते ५००० पर्यंत. आणखी एक फरक असा की १८४ खाली जागेवर पैसे भरून तडजोड फक्त गाडी चालवताना मोबाइल हातात धरण्यापुरती आहे. सिग्नल १८४ मध्ये टाकला की कायद्याने प्रकरण कोर्टातच जायला हवं. म्हणून पहिल्यांदा ‘ॲक्ट’ आणि ‘सेक्शन’ हे रकाने वाचा. एकाच चौकातली, एकाच चुकीची दोन चलानं कलमामुळे अगदी वेगळी होऊ शकतात.

आता वडिलांबद्दल. आरोपी मरण पावला तर फौजदारी केस तिथेच संपते, वारसांवर येत नाही. मृत्यू दाखला जोडून अर्ज द्यायचा, कोर्ट पोलिसांकडून खात्री करून घेतं आणि कार्यवाही बंद करतं. हिंदी आदेशात ‘उपशमन’ असा शब्द दिसेल. पण (हा पण महत्त्वाचा) दंडाचा आदेश ते हयात असताना झाला असेल आणि भरायचा राहिला असेल, तर तो दंड मृत्यूने पुसला जात नाही. जुन्या दंडसंहितेचं कलम ७० होतं, मालमत्तेतून वसूल होऊ शकतो. तेव्हा तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: आदेश झाला का, कोणत्या तारखेला, आणि दंड भरल्याची पावती आहे का.

खासगीवाले | बुधवार, दुपारी १:१०

एवढा कीस कशाला? दर तीन महिन्यांनी राष्ट्रीय लोक अदालत असते. जायचं, काहीतरी कमी करून देतात, पावती घ्यायची, घरी.

कलम_पान_दोन | बुधवार, दुपारी १:३५

@खासगीवाले, लोक अदालत चांगलीच आहे, पण तिथेही ‘कोणती केस’ हे सांगावं लागतं ना? शिवाय ज्या गुन्ह्यांत तडजोड कायद्यानेच होत नाही ते लोक अदालतीत चालत नाहीत. दारू पिऊन गाडी चालवली, कलम १८५, तर लोक अदालतीच्या रांगेत उभं राहून उपयोग नाही. आणि तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून आधी वाचा, मग सही करा.

पाद्रा_रोडवरून | बुधवार, दुपारी ४:२०

बडोद्याहून. आमच्याकडे याला चलान कुणी म्हणत नाही, ‘ई-मेमो आला’ म्हणतात. गुजरातमध्ये ९० दिवसांत मेमो भरला नाही की तो व्हर्च्युअल ट्रॅफिक कोर्टाकडे जातो, मोबाइलवर मेसेज येतो. मेसेज येतो जुन्या मालकाच्या मोबाइलवर ही गंमत वेगळी. आरसीला जोडलेला नंबर बदलून घ्या, सगळ्यांनीच.

आमच्या दिवाळीपुऱ्याच्या कोर्टातल्या नोंदी गुजरातीत, तुमच्याकडे हिंदीत. तिथे मराठी माणसाला निदान लिपी तरी ओळखीची.

रामबागची_रेवती | बुधवार, रात्री १०:०५

काका, ‘बोथ’ केलं आणि धबधबा सुटला. बाबांचं नाव फारच सामान्य आहे. एक केस ‘१३८’ ची आहे, चेक बाउन्स. एकीला ‘एमएसीसी’ लिहिलंय, त्यात विमा कंपनीचं नाव आहे. बाबांचा कुठे अपघात झाला होता का, आणि आम्हाला सांगितलं नव्हतं? आईला काय विचारू?

जुना_रीडर | गुरुवार, सकाळी ६:५०

आईला काही विचारू नका. एमएसीसी म्हणजे मोटार अपघात दावा, नुकसानभरपाईचं प्रकरण. ते दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालतं, दिवाणी पद्धतीचं असतं, त्यात कुणी आरोपी नसतो. ट्रॅफिकच्या चलानाशी त्याचा संबंध नाही. १३८ तर परक्राम्य लेखांचा कायदा, तुमच्या सिग्नलशी त्याला काय देणं.

तुमची केस ओळखायची तर वादी पाहा. ‘मध्य प्रदेश शासन द्वारा थाना यातायात’ (वाहतूक ठाणं) किंवा ‘आरक्षी केंद्र’ (पोलीस ठाणं) असं काहीतरी असेल. मग ॲक्टच्या रकान्यात मोटर व्हीकल ॲक्ट. मग नोंदणीची तारीख ऑक्टोबर २०२३ नंतरची. आणि ‘पिता’ पुढचं तुमच्या आजोबांचं नाव. हे सगळं जुळलं तरच ती तुमची.

जुळली की सीएनआर लिहून ठेवा. सोळा अक्षर-आकडे असतात: सुरुवातीला राज्य, जिल्हा आणि कोर्ट, मधले सहा केसचा क्रमांक, शेवटचे चार वर्ष. तो एकदा हातात आला की नावाची, स्पेलिंगची, बिल्डिंगची भानगड संपते. थेट तोच टाकायचा.

सराफ्यातली_खिचडी | गुरुवार, सकाळी ९:००

अवांतर: म्हणजे माझं नाव टाकून कुणीही बघू शकतं की मी काय काय उद्योग केलेत? सासरेबुवांना हा धागा दाखवणार नाही.

चष्मेबहाद्दर | गुरुवार, सकाळी ९:२०

बघू शकतं, आणि बघतात. नोकरी देण्याआधी पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपन्या हीच साइट चाळतात. माझ्या मते यात खरा त्रास चूक करणाऱ्याला नाही, त्याच्या नावबंधूला आहे. रेवतीताई सख्खी मुलगी असून क्षणभर गोंधळल्या, मग परक्याने पाच मिनिटांत काय निष्कर्ष काढावा?

खासगीवाले | गुरुवार, सकाळी ९:४५

न्यायालय खुलं असतं म्हणजे नोंदही खुली. चावडीवर निकाल लागायचा तेव्हा गाव ऐकायचंच.

चष्मेबहाद्दर | गुरुवार, सकाळी ९:५२

गाव माणसाला चेहऱ्याने ओळखायचं, साहेब. संगणक नावाने ओळखतो.

रामबागची_रेवती | गुरुवार, रात्री ८:४०

सापडली! आजोबांचं नाव जुळलं, थाना यातायात आहे, कलम ११९/१७७. आडनाव खरंच गळलंय.

पण आता वेगळाच प्रश्न आहे. केस ‘डिस्पोज्ड’ आहे. निकालाची तारीख डिसेंबर २०२३. खाली लिहिलंय ‘अनकंटेस्टेड, प्लीड गिल्टी’. म्हणजे बाबा स्वतः कोर्टात गेले होते? आम्हाला कुणालाच माहीत नाही. आणि पोर्टल अजून ‘कोर्टात पाठवले’ म्हणतंय. आदेशाच्या ठिकाणी काही उघडत नाही, पीडीएफ नाहीच.

कलम_पान_दोन | गुरुवार, रात्री ९:१५

चांगली बातमी आहे, पण अर्धी. ‘डिस्पोज्ड’ एवढ्यावर थांबू नका, हा शब्द फार मोठी पिशवी आहे. गुन्हा कबूल, निर्दोष, तडजोड, कार्यवाही थांबवली, आरोपी मयत, सगळं त्यात मावतं. म्हणून खालची ‘निकालाचा प्रकार’ ही ओळ वाचायची. कंटेस्टेड म्हणजे केस लढली गेली, अनकंटेस्टेड म्हणजे न लढता संपली. तुमच्या बाबांनी गुन्हा कबूल केला. प्रश्न उरतो दंड भरला का. त्याचं उत्तर या पानावर नाही, आदेशात आणि पावतीत आहे. नकल, म्हणजे कोर्टाची प्रमाणित प्रत, काढा.

पाद्रा_रोडवरून | गुरुवार, रात्री ९:३०

माहितीच्या अधिकारात अर्ज टाका ना, दहा रुपयांत काम.

कलम_पान_दोन | गुरुवार, रात्री ९:५०

चालणार नाही, आणि योगायोग असा की तुमच्याच गुजरात उच्च न्यायालयाचं प्रकरण होतं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायालयीन नोंदींच्या प्रमाणित प्रती हव्या असतील तर उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार अर्ज करा, माहिती अधिकाराची वाट त्यासाठी नाही.

जुना_रीडर | शुक्रवार, सकाळी ७:१५

लहान प्रकरणांचे आदेश अनेकदा अपलोड होत नाहीत. एका दिवशी ट्रॅफिकची एवढी प्रकरणं निघतात की छापील नमुन्यात नाव, कलम, रक्कम भरून सही होते. कागद मात्र असतो.

कोर्टात नकल विभाग आहे, पाटीवर ‘प्रतिलिपि’ लिहिलेलं असतं. अर्जात केस नंबर, सीएनआर, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि कोणत्या कागदाची नकल हवी ते लिहा: आदेश पत्रिका, आणि दंडाच्या रसीदीची नोंद. ‘पूर्ण फाइल’ मागू नका, उगाच वेळ जातो. तुम्ही स्वतः पक्षकार नाही, म्हणून कारण लिहा: मयत आरोपीची मुलगी, वाहन हस्तांतरणासाठी आवश्यक. सोबत मृत्यू दाखला आणि नातं दाखवणारं काहीतरी. फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेली असेल तर दोन-चार दिवस जास्त धरा. सकाळी लवकर जा, दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी आमचे लोक जरा माणसात असतात.

रामबागची_रेवती | पुढचा गुरुवार, संध्याकाळी ६:३०

नकल मिळाली. मजकूर असा आहे (नाव-नंबर काढून टाकलेत):

“आरोपी स्वयं उपस्थित। अपराध विवरण पढ़कर सुनाया, समझाया गया। आरोपी ने स्वेच्छया जुर्म स्वीकार किया। धारा ११९/१७७ मोटरयान अधिनियम में दोषसिद्ध कर ५००/- रुपये अर्थदंड से दंडित किया गया। व्यतिक्रम में ५ दिवस का साधारण कारावास भुगताया जावे। अर्थदंड अदा, रसीद दी गई। परिणाम दर्ज कर अभिलेखागार भेजा जावे।”

‘कारावास’ वाचून हात थरथरला. पाच दिवस कारावास?

जुना_रीडर | पुढचा गुरुवार, संध्याकाळी ७:००

शांत व्हा. ‘व्यतिक्रम में’ म्हणजे दंड भरला नाही तर. पुढचीच ओळ आहे ‘अर्थदंड अदा, रसीद दी गई’. भरला, विषय संपला. शेवटची ओळ म्हणजे निकाल रजिस्टरला नोंदवा आणि फाइल रेकॉर्ड रूमला पाठवा. प्रत्येक आदेशात असते.

‘स्वयं उपस्थित’ म्हणजे वकील न लावता आले होते. पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, स्वतः येऊन, उभं राहून, पाचशे भरून रसीद खिशात घालून गेले. मी बाकावर बसून अशी माणसं खूप पाहिली. घरी सांगत नाहीत.

रामबागची_रेवती | पुढचा गुरुवार, रात्री ८:१०

बाबाच ते. आता आईला सांगितलं. म्हणाली, त्या महिन्यात एकदा ‘बँकेत जाऊन येतो’ म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते.

चष्मेबहाद्दर | पुढचा गुरुवार, रात्री ८:३०

एक शंका, वकीलताई. ‘दोषसिद्ध’ लिहिलंय. म्हणजे ही शिक्षा झाली असंच धरतात? माझ्या मुलाचा व्हिसा फॉर्म भरायचाय, त्यानेही एक चलान व्हर्च्युअल कोर्टात भरलंय.

कलम_पान_दोन | पुढचा गुरुवार, रात्री ९:०५

हा फरक लोकांना माहीत नसतो. पैसे भरायची दोन रूपं आहेत. कलम २०० खाली पोलिसांकडे किंवा पोर्टलवर भरलेलं म्हणजे शमन शुल्क. ती तडजोड, पुढे कार्यवाही नाही, दोषसिद्धी नाही. कोर्टात, व्हर्च्युअल कोर्ट धरून, भरलेला दंड गुन्हा कबूल करून भरलेला असतो. कायद्याच्या भाषेत ती दोषसिद्धीच, रक्कम पाचशे असली तरी. रक्कम सारखी, अर्थ वेगळा.

आता फॉर्मबद्दल: प्रश्न काय विचारलाय ते अक्षरशः वाचा. काही देश किरकोळ वाहतूक दंड वगळून विचारतात, काही वगळत नाहीत. वगळला नसेल तर लिहा आणि आदेशाची प्रत जोडा. लपवलेलं सापडलं तर मात्र पाचशेच्या दंडापेक्षा खोट्या उत्तराची किंमत जास्त पडते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ मध्ये एक सोयही आहे. कोर्टाच्या समन्समध्येच लिहिलेलं असू शकतं की हजर न राहता, नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून ठरलेली रक्कम पाठवा. त्या वाटेने गेलात तर पुढे कार्यवाही नाही, आणि केवळ त्या कबुलीमुळे लायसन्स अपात्र ठरवता येत नाही.

लष्करचा_श्री | पुढचा गुरुवार, रात्री १०:२०

ग्वाल्हेरहून. माझं उलटं आहे. गाडी एमपी ०९, राहतो इंदुरात, चलान फूलबागला झालं, आता ग्वाल्हेरच्या कोर्टात. सध्या आईकडे आलोय, पण पेशी पुढच्या महिन्यात आहे. पाचशे रुपयांसाठी पुन्हा पाचशे किलोमीटर?

कलम_पान_दोन | पुढचा गुरुवार, रात्री १०:४०

गुन्हा ग्वाल्हेरचा, कोर्ट ग्वाल्हेरचं, ते बदलणार नाही. समन्स नीट वाचा, वर लिहिलेली पत्राची किंवा वकिलामार्फत हजर राहण्याची सोय त्यात असेल. आणि आत्ता तिथेच आहात ना? उद्या सकाळी कोर्टात जाऊन विचारा, तारखेआधी केस घेऊन निकाली काढता येईल का. कबूलच करायचं असेल तर बरेचदा घेतात.

रामबागची_रेवती | पुढचा शुक्रवार, सकाळी १०:१५

आता माझं शेवटचं. नकल हातात आहे, पण पोर्टल अजून तेच. आणि हेल्मेटवालं?

कलम_पान_दोन | पुढचा शुक्रवार, सकाळी ११:००

पोर्टलवरची नोंद कोर्ट बदलत नाही, ती वाहतूक पोलिसांकडून. तिथल्या ई-चलान कक्षात साधा अर्ज द्या: अमुक चलान, अमुक सीएनआर, अमुक तारखेला निकाली, दंड भरला, प्रमाणित प्रत सोबत, नोंद अद्ययावत करावी. मूळ नकल देऊ नका, झेरॉक्स द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

हेल्मेटचं चलान अजून पेंडिंग आहे, म्हणजे पोर्टलवर भरता येतं. कोर्टात जायच्या आत भरून टाका, वर सांगितलेल्या फरकासाठीच. रक्कम राज्य सरकारने ठरवलेली असते, कायद्यातला हजाराचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळला नाही तर गोंधळू नका. भाच्याला सांगा, कलम १९४डी मध्ये दंडाबरोबर तीन महिने लायसन्स अपात्र करण्याचीही तरतूद आहे.

मालक वारल्यावर नोंदणी अधिकाऱ्याला ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ (वारसाच्या नावावर गाडी करण्याचा अर्ज) भरायचा असा नियम आहे. तुमची मुदत उलटलीय, उशिराचं शुल्क लागू शकतं, पण ट्रान्सफर अडत नाही. गाडी आधी वारसाच्या नावावर, म्हणजे आईच्या, होईल. भाच्याच्या नावावर करणं ही त्यापुढची पायरी.

सराफ्यातली_खिचडी | पुढचा शुक्रवार, सकाळी ११:२०

आणि त्या चार हजारवाल्याला या धाग्याची लिंक पाठवा.

रामबागची_रेवती | पुढचा शुक्रवार, दुपारी १२:०५

भाच्याने चलान भरलं, स्वतःच्या पगारातून, मी पावती घेतली. सोमवारी अर्ज घेऊन जातेय. मृत्यू दाखला महापालिकेचा हिंदीतला आहे, चालेल ना? की इंग्रजी करून घेऊ?

जुना_रीडर | पुढचा शुक्रवार, दुपारी १२:३०

हिंदीच चालेल. चार झेरॉक्स जास्त काढा, आणि मूळ दाखला कुणाच्याही हातात देऊ नका, फक्त दाखवा.